परसातील कोंबड्या आणि पाळीव कुत्रा : हिंगोली जिल्ह्यातील एका जुन्या सहवासाची चिकित्सा

प्रास्ताविक

ग्रामीण महाराष्ट्रातील पशुपालनाचा विचार प्रामुख्याने गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्या संदर्भात केला जातो. अंगणात पडून राहणारा कुत्रा आणि उकिरडा उकरणारी कोंबडी या दोघांचीही मोजदाद पशुगणनेत होते. परंतु त्यांच्या परस्परसंबंधाकडे अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. वास्तविक एक मांसभक्षक प्राणी आणि त्याचे स्वाभाविक भक्ष्य असलेला पक्षी एकाच अंगणात, एकाच घराच्या खरकट्यावर, पिढ्यानपिढ्या नांदतात ही घटनाच स्पष्टीकरणाची अपेक्षा करणारी आहे. काही घरांत कुत्र्याच्या पाठीवर पिल्ले चढतात आणि तो कान हलवून पुन्हा झोपतो. काही घरांत मात्र तितकाच मायाळू, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणारा कुत्रा एका दुपारी खुराड्यातील साऱ्या कोंबड्या मारून टाकतो आणि त्यांतील एकही खात नाही. हा फरक कशामुळे पडतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कुत्र्याची 'जात' हे या प्रश्नाचे प्रचलित उत्तर आहे. ते उत्तर अपुरे आहे आणि व्यवहारात अनेकदा दिशाभूल करणारेही आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

अंगणातील अर्थव्यवहार

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, कापूस, तूर आणि वसमत परिसरातील हळद यांवर उभा असलेला हा जिल्हा बव्हंशी कोरडवाहू आहे. अशा प्रदेशात परसातील कोंबड्यांना त्यांच्या संख्येच्या मानाने बरेच मोठे महत्त्व असते. पिकाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो आणि तो बँक, कृषी सेवा केंद्र व सावकार यांच्यात वाटला जातो. अंडी आणि कोंबडी यांचा पैसा मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी येतो व तो बहुतांशी घरातील बाईच्या हाती राहतो. मुलाची वही, औषधाची बाटली, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे हे खर्च त्यातूनच निघतात. आषाढातील आखाडीच्या दिवसांत गावरान कोंबड्याला मिळणारा भाव ही तर अनेक घरांची ठरलेली मिळकत असते.

देशपातळीवरील आकडेही या दृष्टीने बोलके आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील एकूण कुक्कुटसंख्या ८५ कोटी १८ लाख इतकी होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते आणि त्यांची संख्या आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. व्यापारी कुक्कुटपालनाचा एवढा विस्तार होऊनही परसातील कोंबडी मागे हटली नाही, असा याचा अर्थ होतो.

या कोंबड्यांचे शत्रू पुष्कळ आहेत. आकाशातून घार आणि शिक्रा, कुंपणातून मुंगूस, रात्री रानमांजर, शेतातील आखाड्यावर कोल्हा. मराठवाड्यात शेतातील गोठावजा निवाऱ्याला 'आखाडा' म्हणतात आणि अनेक कुटुंबांच्या कोंबड्या गावातील घराऐवजी तेथेच असतात. या शत्रूंपासून खुराडे राखणारा एकमेव स्वस्त राखणदार म्हणजे कुत्रा. तेव्हा 'कोंबड्या पाळायच्या तर कुत्रा नको' हा सल्ला शहरात शोभेल. आखाड्यावर तो उपयोगाचा नाही. तेथे कुत्रा हवाच आहे, मात्र कोंबडीला हात न लावणारा हवा आहे.

शिकारीची साखळी आणि कुत्र्यांच्या जाती

मांसभक्षक प्राण्याची शिकार ही एकच क्रिया नसून ती क्रियांची साखळी असते. चाहूल घेणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे, मारक चावा घेणे, फाडणे आणि शेवटी खाणे अशा तिच्या कड्या आहेत. लांडग्यात ही साखळी सलग असते. अमेरिकन अभ्यासक रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, माणसाने कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती घडवताना या साखळीतील काही कड्या बळकट केल्या आणि काही जवळपास पुसून टाकल्या. कुत्र्याच्या जातीकडे पाहण्याची ही दृष्टी परसातील प्रसंगांना चांगली लागू पडते.

मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांत नजर रोखणे आणि पाठलाग करणे या कड्या ठळक असतात. मारक चावा दबलेला असतो. १८९९ नंतर जर्मनीत माक्स फॉन स्टेफानिट्झ यांच्या पुढाकाराने प्रमाणित झालेला जर्मन शेफर्ड हा मूळचा मेंढपाळाचा कुत्रा. बंगल्याची राखण करण्यासाठी आणलेला हा कुत्रा कोंबड्यांना कोपऱ्यात दाबून धरतो, विखुरलेल्या कोंबडीला वळवून आणतो, त्यांना चैन पडू देत नाही. त्याला मारायचे नसते. पण भर उन्हात तासभर पळवलेली कोंबडी धापा टाकून मरते, आणि मालकिणीच्या दृष्टीने परिणाम तोच.

लॅब्रॅडॉर हा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून इंग्लंडमध्ये गेलेल्या कुत्र्यांपासून घडलेला. बंदुकीने पाडलेला पक्षी न चावता, न फाडता मालकापर्यंत आणून देणे हे त्याचे काम. त्याच्यात पकडण्याची कडी बळकट आहे, मारण्याची नाही. म्हणून तो कोंबडी तोंडात धरून, शेपटी हलवीत, थेट ओसरीवर आणून ठेवतो. कोंबडीच्या अंगावर जखम नसते. तरी पुष्कळदा ती भीतीने मरते. असे घडल्यावर या कुत्र्याला 'खुनशी' ठरवणे म्हणजे त्याच्या स्वभावाचे पूर्ण उलटे वाचन करणे होय.

याच्या उलट स्थिती डॅक्सहुंडसारख्या बुटक्या कुत्र्यांची. बिळात शिरून बिज्जूसारख्या प्राण्याशी झुंजण्यासाठी जर्मनीत ही जात तयार झाली. त्यांच्यात उकरणे आणि मारक चावा या दोन्ही गोष्टी शाबूत आहेत. घरातील सर्वांत लहान आणि म्हणून सर्वांत निरुपद्रवी समजला जाणारा हा कुत्रा खुराड्याच्या तळाशी माती उकरून आत शिरू शकतो, हे मालकाच्या ध्यानात येत नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष उल्लेख करावा लागतो तो कारवानी आणि पश्मी या कुत्र्यांचा. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि शेजारच्या कर्नाटकातील मुधोळ हाउंड हा त्याच कुळातला. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. लांब पाय, निमुळते तोंड आणि नजरेने शिकार टिपण्याची क्षमता ही या कुत्र्यांची लक्षणे. ते वासापेक्षा हालचालीला प्रतिसाद देतात. स्थिर उभी असलेली कोंबडी त्यांच्या लेखी जणू अस्तित्वातच नसते. तीच कोंबडी पंख फडफडवून पळाली की ससा आणि ती यांत फरक उरत नाही. शिवारात सशामागे धावणारा असा कुत्रा अंगणात दिवसभर कोंबड्यांमध्ये शांत बसून राहतो आणि एखाद्या संध्याकाळी कोंबडी अचानक उडाली की झेप घेतो. मालक म्हणतो, 'इतके दिवस काही केले नाही.' इतके दिवस ती कडी ओढलीच गेली नव्हती, एवढेच.

मग गावठी कुत्रा? त्याची जात कोणी घडवलेली नाही, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. गावठी कुत्र्याचे पोट शिकारीवर नव्हे तर माणसाच्या टाकाऊ अन्नावर चालते, हे कॉपिंजर यांच्यासह अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. अशा प्राण्यासाठी गावात टिकून राहण्याची पहिली अट म्हणजे माणसाचे नुकसान न करणे. ज्या कुत्र्याने कोंबडी धरली त्याला काठी बसली, तो गावाबाहेर हाकलला गेला किंवा मारला गेला. त्याची संतती कमी झाली. ज्याने कोंबडीकडे दुर्लक्ष केले तो उकिरड्याजवळ राहिला. कुठलीही वंशावळ न लिहिता, कुठलेही प्रदर्शन न भरवता गावाने हीच निवड शेकडो पिढ्या केली असणार, असा तर्क करण्यास भरपूर जागा आहे. या दृष्टीने पाहता कोंबड्यांत राहण्याच्या बाबतीत गावठी कुत्रा ही एक अत्यंत 'निवडलेली' जात ठरते. ज्याला कोणी विकत घेत नाही त्याच्याच अंगी हा गुण असावा, हे विशेष.

तथापि हे सारे विवेचन एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण यांवर तो आधारलेला होता. एखाद्या विशिष्ट कुत्र्याच्या वागणुकीतील भिन्नतेपैकी केवळ सुमारे ९ टक्के भाग त्याच्या जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. 'खाण तशी माती' या म्हणीवर विसंबून पिल्लू विकत घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. साखळीतील कोणती कडी बळकट आहे हे जात सांगते. कोंबडी ही त्या कुत्र्याच्या लेखी भक्ष्य ठरणार की घरातील एक सदस्य, हे जात सांगत नाही.

तिसरा ते बारावा आठवडा

ते कशावरून ठरते याचे उत्तर जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या संशोधनात मिळते. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत त्यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि तो १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनात 'आपले कोण' याची यादी तयार होते, असे त्यांनी दाखवले. या काळात ज्यांच्या सहवासात पिल्लू वावरते ते प्राणी, मग तो माणूस असो, मांजर असो वा कोंबडी, त्याला आपल्या समूहातले वाटू लागतात. खिडकी बंद झाल्यावर शिकवता येत नाही असे नव्हे. परंतु जे आधी आपोआप घडते ते पुढे कष्टाने घडवावे लागते.

हे तत्त्व पुस्तकात येण्यापूर्वी मेंढपाळांना ठाऊक होते. चार्ल्स डार्विनने १८३३ साली आजच्या उरुग्वे देशातील कुरणांवर कळपाची राखण करणारे कुत्रे पाहिले आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्यांच्या संगोपनाची पद्धत नोंदवली. पिल्लाला लहानपणीच आईपासून दूर करून मेंढीचे दूध पाजले जाई, लोकरीच्या बिछान्यावर मेंढ्यांच्या वाड्यात ठेवले जाई. मोठा झाल्यावर तो कळप सोडून जात नसे.

यासाठी उरुग्वेपर्यंत जाण्याचे खरे तर कारण नाही. हिंगोली जिल्ह्यात हटकर धनगरांची मोठी वस्ती आहे, आणि मेंढरे घेऊन मुक्काम बदलणाऱ्या धनगरांचे वाडे दरवर्षी महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसतात. वाडा हलतो तेव्हा घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेले असते. भांडी, घोंगड्या, चालू न शकणारी कोकरे, कोंबड्या आणि पुष्कळदा कुत्र्याची पिल्लेही त्याच ओझ्यात असतात. या पिल्लांचे डोळे उघडल्यापासूनचे जग म्हणजे मेंढरे, कोकरे, कोंबड्या आणि माणसे. कोंबडी त्यांच्या अंगावरून जाते, त्यांच्या भाकरीतील कुटका उचलते, खुडूक कोंबडी पिसे फुलवून अंगावर येते आणि नाकावर टोच मारते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील पिल्लाच्या नाकावर बसलेली ती टोच हे त्याचे पहिले आणि पुरेसे शिक्षण असते. पुढे हाच कुत्रा रात्री लांडग्यावर तुटून पडतो आणि सकाळी कोंबड्यांच्या मध्ये झोपतो. त्याला वेगळे असे कोणी काही शिकवलेले नसते.

गावठी कुत्र्याच्या बाबतीत निसर्गाचे वेळापत्रकही साहाय्यक ठरते. भारतातील मोकळ्या कुत्र्यांचा वीण हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड मराठी बोलीने उगीच घातलेली नाही. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास जन्मतात आणि त्यांचा तिसरा ते बारावा आठवडा ऐन हिवाळ्यात पडतो. सोयाबीन निघालेले, तूर कापणीला आलेली, धान्य आणि भुसा अंगणात-आखाड्यावर पसरलेला. त्यावर कोंबड्या दिवसभर चरत असतात आणि पिल्ले त्यांच्याच मध्ये चालायला शिकतात.

विकत आणलेल्या पिल्लाची कहाणी याच्या नेमकी उलट असते. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधील पांढराशुभ्र टफी आणि २००३ च्या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीतील पग यांनी मध्यमवर्गाच्या मनात 'जातीचा कुत्रा' रुजवला, आणि पुढील काळात ही हौस तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचली. असे पिल्लू साधारण ४५ दिवसांचे असताना नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातून येते. तोवर ते फरशीवर किंवा पिंजऱ्यात वाढलेले असते; कोंबडी त्याने पाहिलेली नसते. घरी आल्यावर पार्व्होसारख्या रोगाच्या धास्तीने, लसींची मात्रा पूर्ण होईपर्यंत, त्याला बाहेर सोडले जात नाही. ही काळजी योग्यच आहे. पण तीन-साडेतीन महिन्यांचे झाल्यावर ते प्रथम अंगणात येते तेव्हा यादी करण्याचा काळ संपलेला असतो. कोंबडी त्याच्यासमोर एक अपरिचित, पळणारी, ओरडणारी वस्तू म्हणून उभी राहते. लॅब्रॅडॉर असो, पॉमेरियन असो वा शेफर्ड, दोष त्याच्या रक्तात शोधला जातो. तो खरा दिनदर्शिकेत असतो. यावर उपाय अवघड नाही. लस पूर्ण होण्यापूर्वीही घरच्याच निरोगी कोंबड्या पिल्लाला कडेवर घेऊन, जाळीआडून, रोज दाखवता येतात.

याच तत्त्वाचे एक लांबचे परंतु उद्बोधक उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. व्हिक्टोरिया राज्यातील वॉरनम्बूल शहरालगतच्या मिडल आयलंड या बेटावर लहान पेंग्विनांची वसाहत होती. ओहोटीच्या वेळी कोल्हे बेटावर शिरून पेंग्विन मारू लागले आणि काही शेकड्यांची संख्या २००५ च्या सुमारास दहाच्याही खाली आली. त्या भागातील एका कुक्कुटपालकाकडे मरेम्मा जातीचा इटालियन राखणदार कुत्रा होता. तो मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचे कोल्ह्यांपासून रक्षण करीत असे. कोंबड्या राखणारा कुत्रा पेंग्विन का राखू शकणार नाही, या विचारातून २००६ पासून बेटावर मरेम्मा कुत्रे ठेवण्यात आले, आणि कोल्ह्यांचे हल्ले थांबून वसाहत पुन्हा वाढली. पक्षी राखण्याचे हे काम शिकारीवर ताबा मिळवून होत नाही. पक्ष्यांना 'आपले' मानण्यातून होते.

बदललेली कोंबडी

आतापर्यंतचे विवेचन कुत्र्याविषयी झाले. परंतु या सहवासातील दुसरा पक्षही बदलला आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांमधून बंगळूरला विकसित झालेली गिरीराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज व ग्रामप्रिया असे सुधारित पक्षी गावोगावी पोहोचले. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते; सुधारित कोंबडी त्याच्या दुपटीच्या आसपास देते, वजनही अधिक भरते. योजनेचा हेतू स्तुत्यच आहे.

मात्र गावरान पिल्लू २१ दिवस आईच्या उबेत अंड्यात वाढून तिच्याच मागे अंगणात उतरते. कोंबडी आकाशातील शत्रूसाठी एक आणि जमिनीवरील शत्रूसाठी दुसरा असे वेगवेगळे धोक्याचे आवाज काढते, हे पीटर मार्लर, ख्रिस्तोफर इव्हान्स आदी अभ्यासकांनी प्रयोगांनी सिद्ध केले आहे. खेड्यातील बाईला तो फरक कानावर पडताच कळतो. घार आली की कुत्रा, हे ती चुलीपुढून न उठता सांगू शकते. पहिल्या आवाजाला पिल्ले आईच्या पंखाखाली किंवा आडोशाला दबतात, दुसऱ्याला ती मान वर करून सावध होतात. यंत्रात उबवलेले आणि काही आठवडे दिव्याखाली वाढवून मग वाटलेले पिल्लू या शिकवणुकीला पारखे असते. त्याला नेणारी आई नसते. कुत्र्याच्या नाकावर टोच मारणारी खुडूक कोंबडीही नसते. शिवाय अंगाने जड असल्यामुळे ते गावरान कोंबडीसारखे भुर्रकन उडून लिंबाच्या फांदीवर बसू शकत नाही. ते घाबरून जमिनीवर फडफडत पळते, आणि नेमकी हीच हालचाल पाठलागाची कडी ओढते.

म्हणजे एकीकडे कोंबडी न पाहिलेला कुत्रा आणि दुसरीकडे कुत्रा न पाहिलेली कोंबडी. पूर्वीचा सहवास दोन्ही बाजूंच्या बालपणावर उभा होता. दोन्ही बालपणे अंगणाबाहेर गेल्यावर तो सहवास केवळ 'कुत्रा चांगला आहे' या भरवशावर टिकावा, ही अपेक्षा जास्तीची आहे. वाटलेली पिल्ले गावरान खुडूक कोंबडीखाली रात्रीच्या वेळी सरकवून ती तिच्याकडून स्वीकारली जातात का, हे पाहण्याची बायकांची जुनी रीत आहे. पिल्ले अगदी एक-दोन दिवसांची असली तरच ती साधते. महिनाभर वाढवून दिलेल्या पिल्लांना ती लागू पडत नाही. तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांच्या प्रशिक्षणात खाद्य आणि लसीकरण यांच्या जोडीला या गोष्टीला जागा मिळणे शक्य आहे.

हल्ल्याचे प्रकार

कोंबडी मेली की सर्व हल्ले सारखेच मानले जातात. वस्तुतः ताटावरून होणारा हल्ला आणि शिकार यांचा परस्परांशी संबंध नाही. कुत्र्याच्या भाकरीत चोच घालणाऱ्या कोंबडीवर तो क्षणभर तुटून पडतो. मोठी कोंबडी निसटते, पिल्लू मरते. अन्न वेगळ्या जागी, कोंबड्या खुराड्यात गेल्यावर द्यावे, म्हणजे हा प्रकार थांबतो. दुसरा प्रकार खेळाचा. पाच-सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा तरुण कुत्रा पिसे उपटतो, पाडतो, पुन्हा पळायला लावतो. उत्तम राखणदार जातींचे कुत्रेही या वयात असे करतात, आणि बहुतेक मालक नेमक्या याच वयात त्यांना काढून टाकतात. या काळात देखरेखीविना मोकळे न सोडणे आणि लांब दोरी, एवढ्यावर वर्ष निभावते.

खुराड्यातील सामूहिक संहार मात्र वेगळ्या स्पष्टीकरणाची मागणी करतो. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ साली मांसभक्षकांच्या अतिरिक्त हत्येविषयी मूलभूत विवेचन केले. मोकळ्या रानात एक भक्ष्य मारले जाईपर्यंत बाकीचे निसटतात आणि साखळी खाण्यापर्यंत पोहोचून थांबते. बंद खुराड्यात बाकीचे निसटू शकत नाहीत. ते फडफडतच राहतात आणि प्रत्येक फडफड नवी साखळी सुरू करते. कुत्र्याला भूक नसते, राग नसतो. 'रक्त चटावले' ही समजूतही येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण पाठलाग हाच त्याचा मोबदला असतो. म्हणूनच मेलेली कोंबडी गळ्यात बांधणे किंवा तासाभराने तीच समोर धरून बडवणे यांसारखे जगभर आढळणारे उपाय निरर्थक आहेत. शिक्षा ज्या क्षणाला मिळते त्या क्षणाशी कुत्रा तिची सांगड घालतो. मालक घरी आला आणि मार बसला, एवढेच तो शिकतो.

मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकण्याच्या सवयीबद्दल एक गोष्ट येथेच नमूद करणे इष्ट. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो हिंगोलीला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावापर्यंत आला. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा याच रोगाने मेल्याची नोंद आहे. अचानक, एकापाठोपाठ मेलेले पक्षी कुत्र्याला घालू नयेत. त्यांची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्याला द्यावी.

हल्ल्यानंतर

नुकसान झालेल्या कुटुंबाचा राग समजण्यासारखा असतो. त्याची परिणती मात्र पुष्कळदा कीटकनाशक लावलेल्या मांसाच्या तुकड्यात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्याला विष घालून मारणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडून देणेही दंडनीय ठरवले आहे. दुसरा कायदा फारसा कोणाला माहीत नाही, आणि कोंबडी मारलेला 'जातीचा' कुत्रा दुचाकीवरून नेऊन दूरच्या रस्त्यावर सोडण्याचा मार्ग सर्रास पत्करला जातो. तो कुत्रा मग दुसऱ्या गावच्या अंगणात शिरतो. ज्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या जिल्ह्यात मुलांना घरोघरी सांगितली जाते, तेथे तरी याहून बरा मार्ग निघावा.

शेजाऱ्याच्या कुत्र्याने कोंबड्या मारल्यास प्रकरण गावातल्या गावातच मिटवले जाते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अशा किरकोळ तंट्यांना एक व्यासपीठही दिले. तेथे बोलणी होतात ती बहुधा पुरुषांमध्ये, आणि कोंबडीची किंमत बाजारातील वजनावर ठरते. मेलेली कोंबडी अंड्यावर बसलेली होती की पिल्ले घेऊन फिरत होती, तिच्याखालची अंडी थंड पडली का, आईविना उरलेली पिल्ले घारीच्या तोंडी किती गेली, ही मोजदाद त्या बोलण्यात येत नाही. ती फक्त कोंबड्या पाळणाऱ्या बाईला ठाऊक असते, आणि भरपाईची रक्कमही तिच्या हातात न येता घरातील कर्त्या माणसाच्या हातात दिली जाते.